बांधणे आणि राखणे : अहिल्याबाईंची खासगी ते किल्लारीच्या संवाद साहाय्यिका

१/
अहिल्याबाई होळकरांचे एकच चित्र बहुतेक मराठी मनांत रुजले आहे : शुभ्र वस्त्र, डोक्यावरून घेतलेला पदर आणि तळहातावर शिवलिंग. हे चित्र भक्तीचे आहे आणि ते खोटे नाही. मात्र अठराव्या शतकात उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत घाट, मंदिरे, विहिरी आणि धर्मशाळा उभारणाऱ्या या राज्यकर्तीच्या चित्रातून एक वस्तू कायमची वगळली गेली. ती वस्तू म्हणजे जमाखर्चाची वही.

२/
हा धागा त्या वहीविषयी आहे. बांधकामातील स्त्रियांच्या नेतृत्वाचा गौरव करताना साधारणपणे वास्तूंची यादी दिली जाते : अमुक राणीने अमुक बांधले. यादी लांबली की गौरव पुरा झाला असे मानले जाते. परंतु वास्तू उभारणे हे अर्धेच काम असते. ती शंभर वर्षे कशी चालेल, गाळ कोण काढील, ढासळलेली पायरी कोणाच्या पैशाने बसवली जाईल, हे ठरवणे हा कामाचा दुसरा आणि अधिक कठीण भाग. नेतृत्वाची पारख तेथे होते. आज ज्याला शाश्वत बांधकाम म्हणतात, त्याचाही खरा अर्थ तेथेच सापडतो.

३/
प्रथम गुजरातेतील पाटण. सोळंकी राजा पहिला भीमदेव याची राणी उदयमती हिने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरस्वती नदीच्या काठी एक वाव बांधवली. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. मेरुतुंगाने १३०४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘प्रबंधचिंतामणी’त या वावेचे श्रेय उदयमतीला दिलेले आहे. सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल अशी ही वास्तू सात मजल्यांनी जमिनीत उतरते. मंदिराचे शिखर वर जाते, येथे तेच वैभव पाण्याच्या दिशेने खाली गेले आहे.

४/
युनेस्कोने २०१४ साली ‘राणी की वाव’ला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि २०१८ पासून शंभर रुपयांच्या नोटेवर तिचे चित्र आले. तथापि मधला इतिहास सहसा सांगितला जात नाही. सरस्वतीच्या पुरांनी ही वाव गाळाने भरून गेली आणि शतकानुशतके बुजलेल्या अवस्थेत राहिली. विसाव्या शतकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने गाळ उपसला तेव्हा शिल्पे ताजी दिसली, कारण ती ऊनवाऱ्यापासून झाकलेली होती. वाव टिकली ती गाडली गेल्यामुळे. ज्या पाण्यासाठी ती खोदली होती, ते काम केव्हाच थांबले होते. वास्तू टिकणे आणि वास्तूचे काम टिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

५/
आता सातारा जिल्ह्यातील लिंब. येथील बारा मोटेची विहीर महाराष्ट्रातील भटक्यांना सुपरिचित आहे. छत्रपती शाहूंच्या महालातील विरूबाई यांनी ती बांधवली. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात काम पूर्ण झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. विहीर अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची आहे. मधल्या पुलावर दगडी महाल आहे. तेथे उभे राहून छायाचित्र काढण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे.

६/
छायाचित्रात सौंदर्य येते, यंत्रणा येत नाही. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल. ती नाड्याला बांधून विहिरीत सोडायची, बैलजोडीने उतरत्या धावेवर चालत जाऊन ती वर ओढायची, पाणी थारोळ्यात पडायचे आणि पाटाने पुढे जायचे. एका वेळी बारा मोटा चालायच्या, तर बारा बैलजोड्या, त्यांचे मोटकरी, चामडे शिवणारे, नाडे वळणारे आणि पाट राखणारे लागत. लिंबची ही विहीर आमराईच्या पाण्यासाठी होती. म्हणजे तिला रोजचे काम होते, आणि ज्या वास्तूला रोजचे काम असते तिच्याकडे रोज कोणाचे तरी लक्ष असते. राखणीची पहिली हमी हीच.

७/
विरूबाईंविषयी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. त्या पट्टराणी नव्हत्या, तरीही शाहूंच्या घरातील त्यांचा अधिकार मोठा होता. त्यामुळेच त्यांच्या नावाने काम सुरू होऊ शकले आणि दगडावर त्यांचे नाव कोरले गेले. बांधकामाच्या इतिहासात स्त्रियांची नावे कमी दिसतात, याचे कारण त्यांना बांधण्याची बुद्धी नव्हती हे नाही. त्यांच्या नावाने खर्च टाकता येईल अशी व्यवस्था फार थोड्या घरांत होती. अशी व्यवस्था एका घराण्यात कागदोपत्री निर्माण झाली, आणि तिचा परिणाम अर्ध्या हिंदुस्थानावर झाला. ते घराणे होळकरांचे.

८/
साल १७३४. मल्हारराव होळकरांचा माळव्यातील उत्कर्ष सुरू झाला होता. त्या वर्षी पहिल्या बाजीराव पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही महालांचे उत्पन्न स्वतंत्रपणे लावून देण्यात आले. यालाच ‘खासगी’ म्हणतात. फौजेचा आणि राज्यकारभाराचा खर्च ज्यातून भागे ती ‘दौलत’, आणि घराण्यातील स्त्रीच्या अधिकारात असलेले उत्पन्न ती ‘खासगी’. दोन्हींचे हिशेब वेगळे आणि कारभारीही वेगळे. दौलतीला कर्ज झाले म्हणून खासगीला हात लावायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व.

९/
मराठ्यांच्या इतिहासात १७३४ हे साल क्वचितच कोणी पाठ करते. त्या वर्षी कोणतीही मोठी लढाई गाजली नाही. तरीही काशीचा घाट असो की महेश्वरचा, त्यांच्या पायाचा पहिला दगड या सनदेत शोधावा लागतो. गौतमाबाई स्वतः अत्यंत व्यवहारदक्ष म्हणून ओळखल्या जात. १७६१ साली त्यांचे निधन झाले आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. सासूकडून सुनेकडे दागिने येतात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. येथे सासूकडून सुनेकडे एक स्वतंत्र खजिना आणि तो चालवण्याची रीत आली.

१०/
पुढील घटनाक्रम परिचित आहे. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेराव. राघोबादादा आणि गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना होळकरांची दौलत आपल्या मुठीत यावी असे वाटत होते. अहिल्याबाईंनी माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने झाला. फौज तुकोजी होळकरांकडे, मुलकी कारभार आणि खासगी अहिल्याबाईंकडे, अशी विभागणी झाली. खासगीच्या खजिन्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले, असे परंपरा सांगते. त्या एका पानाचा व्यावहारिक अर्थ असा की हे द्रव्य आता लढाईसाठी मागता येणार नाही.

११/
आता नकाशा पाहावा. काशीतील विश्वनाथाचे मंदिर १६६९ साली पाडले गेले होते. अहिल्याबाईंनी १७८० साली त्याच्या शेजारी नवे मंदिर उभारले. गयेत विष्णुपद, सोरटी सोमनाथला नवे मंदिर, काशीत मणिकर्णिकेचा घाट, हरिद्वारला कुशावर्त, आणि राजधानी महेश्वरला नर्मदेवरचा विस्तीर्ण घाट. यांपैकी महेश्वर त्यांच्या अमलातले. काशी मात्र १७७५ नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या वर्चस्वाखाली होती आणि गया कंपनीच्या मुलखात. तेथे होळकरांचा हुकूम चालत नव्हता.

१२/
या एका वस्तुस्थितीने सारे काम बदलते. आपल्या राज्यात घाट ढासळला तर मामलेदाराला लिहिता येते. परक्याच्या राज्यात कोणाला लिहिणार? तेथे वास्तू टिकवायची तर हुकमाऐवजी नेमलेले उत्पन्न लागते. म्हणून मंदिराबरोबर पूजेची नेमणूक, धर्मशाळेबरोबर अन्नछत्राचा खर्च, घाटाबरोबर तेथील माणसांचे वेतन, अशी जोडणी होत गेली. पैसा खासगीतून दरवर्षी जाई. दौलतीचा धनी बदलो, लढाईत यश येवो की अपयश, ही रक्कम थांबू नये अशी ती योजना होती. अठराव्या शतकातील हिंदुस्थानात, जेथे राज्ये दहा-दहा वर्षांत उलटीपालटी होत, तेथे ही दूरदृष्टी असामान्य म्हटली पाहिजे.

१३/
याला साक्ष एका परक्याची आहे. सर जॉन माल्कम याने १८२३ साली मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती आणि त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात होती. एवढी स्तुती ऐकून त्याला प्रथम संशय आला, म्हणून त्याने निरनिराळ्या लोकांकडे चौकशी केली. त्याने नोंदवले की दूरदूरच्या क्षेत्रांत वास्तू बांधून अहिल्याबाई तेथे माणसे नेमत आणि दरसाल रक्कम पाठवत. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यांवर माणसे असत. महेश्वरच्या आसपास शेतात राबणारे बैल मध्येच थांबवून त्यांना पाणी पाजले जाई.

१४/
नांगराचा बैल थांबवून पाणी पाजणे हे दयेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. त्यात दुसरेही काही दिसते. पाणी काढणारा, वाहणारा आणि ठरलेल्या वेळी हजर राहणारा माणूस पगारावर असल्याशिवाय हे रोज घडत नाही. माल्कमच्या नोंदीतून दया दिसते आणि तिच्यामागचे हजेरीपत्रकही दिसते. ‘पुण्यश्लोक’ हे विशेषण पहिल्या गोष्टीचा गौरव करते आणि दुसरी झाकून टाकते. पुरुष राज्यकर्त्याने असे केले असते तर त्याला कुशल प्रशासक म्हटले गेले असते. स्त्रीने केले म्हणून ती सत्त्वशील ठरली. दोन्ही शब्द आदराचेच आहेत. मात्र पहिल्यात कौशल्याची कबुली आहे, दुसऱ्यात ती नाही.

१५/
या मांडणीवर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला आक्षेप : खासगीचे उत्पन्न आले कोठून? ते रयतेच्या शेतसाऱ्यातूनच आले. माळव्यातील कुणब्याने भरलेल्या पैशातून काशीत शिखर उभे राहिले, हे विसरता येणार नाही. मात्र त्या काळी बहुतेक दरबारांचा महसूल फौजेवर आणि कर्जाच्या व्याजावर जात असे, याची तुलना करूनच निवाडा करावा. त्याच रयतेला लागणाऱ्या विहिरी आणि रस्त्याकडेच्या धर्मशाळाही या खर्चात होत्या.

१६/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे पाणी सर्वांचे होते काय? घाट, बारवा आणि तळी बांधली गेली, परंतु जातीच्या उतरंडीत तळाशी ढकललेल्या माणसांना गावोगावच्या पाणवठ्यांवर मज्जाव होता. महाडचे चवदार तळे ठरावाने खुले झाल्यानंतरही, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंच्या समुदायासह तेथे जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले. पाणवठा दगडाने बांधला म्हणून तो सार्वजनिक होत नाही. राखण्याच्या कामात दगड आणि गाळ येतो, तसा प्रवेशाचा हक्कही येतो. जुन्या बांधकामांचा गौरव करताना ही उणीव हिशेबातून वगळणे म्हणजे खोटी वही लिहिणे होय.

१७/
तिसरी गोष्ट हातांची. शिलालेखावर विरूबाईंचे नाव आहे, ग्रंथात उदयमतीचे आहे. दगड फोडणारे वडार, तो घडवणारे पाथरवट, माती उपसणारे बेलदार यांची नावे कोठेही नाहीत. वडारांच्या कामात सारे कुटुंब उतरत असे. पुरुष पहार चालवी आणि बाई टोपल्यातून माती वर नेई. म्हणजे ज्या विहिरीचे श्रेय एका स्त्रीला मिळते, तिची माती अनेक स्त्रियांच्या डोक्यावरून बाहेर आलेली असते. एकीच्या नावाने सनद होती. बाकीच्यांच्या नावाने रोजंदारीचीही नोंद उरली नाही.

१८/
खासगीचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी निवर्तल्या. होळकरांचे राज्य पुढे इंग्रजांचे मांडलिक झाले, तरी खासगीच्या नेमणुका चालू राहिल्या. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा या धर्मादायासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला ठेवण्याचे मान्य झाले आणि १९६२ साली स्वतंत्र न्यास स्थापन झाला. त्याच्या मालमत्तांविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हा न्यास सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली येतो, असे न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. १७३४ च्या एका सनदेची सावली एकविसाव्या शतकातील निकालपत्रावर पडते, ती केवळ मंदिरांमुळे नव्हे. त्यांच्यामागे लावलेल्या तरतुदीमुळे ती पडते.

१९/
येथे एक प्रश्न उभा राहतो. राणीपाशी खासगी होती. ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही आणि बँकेचे पुस्तकही नाही, तिने बांधकामात नेतृत्व कसे करावे? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्याच मातीत, अहिल्याबाईंच्या निधनानंतर सुमारे दोनशे वर्षांनी मिळाले. ते सुचले मात्र ढिगाऱ्यातून.

२०/
३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मारले घरांनी. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात घर थंड राही. परंतु भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकमेकांत गुंतवणारे दगड नसत आणि दरवर्षी माती टाकून माळवद जड होत गेलेले असे. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि माळवद खाली आले.

२१/
ज्या गावांचा पूर्ण विध्वंस झाला, अशा ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. तेथील शहरी वसाहतीसारख्या आखणीवर पुढे अभ्यासकांनी बरीच टीका केली. याहून मोठे, पण कमी चर्चिले गेलेले काम दुसरेच होते. ज्या घरांना तडे गेले होते पण जी उभी होती, अशी सुमारे दोन लाख घरे जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती. लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली होती. दगडाने माणूस मारला, आता सिमेंटच हवे, अशी भावना सार्वत्रिक होती. एवढ्या घरांपर्यंत अभियंते पोहोचणे अशक्य होते.

२२/
तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने आणि शासनाच्या मान्यतेने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमण्यात आले. हजाराहून अधिक गावांत हे काम चालले. अनुदान किती आहे, हप्ता केव्हा मिळतो, तो कशावर खर्चायचा, काम पटण्यासारखे झाले नाही तर कोणाला सांगायचे, हे या बायका घरोघरी जाऊन समजावू लागल्या. ज्यांना पूर्वी ग्रामसभेत बसायलाही संकोच वाटे, त्या आता अभियंत्याबरोबर भिंतीपाशी उभ्या राहून प्रश्न विचारू लागल्या.

२३/
प्रश्न साधे आणि नेमके होते. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवले का? कोपरे बांधले का? दारा-खिडक्यांच्या वर लोखंड घातलेला सिमेंटचा पट्टा सलग फिरवला का? माळवदावरची माती कमी केली का? लाकडी खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे तिरपा आधार दिला का? भूकंपरोधक बांधकामाचे शास्त्र एवढ्या गोष्टींत बरेचसे सामावते. त्यासाठी पदवी लागतेच असे नाही. नजर लागते, आणि चुकीचे काम थांबवण्याचा अधिकार लागतो. चुलीपाशी बसून त्याच भिंतीकडे रोज पाहणाऱ्या बाईपाशी नजर आधीपासून होती. १९९३ नंतर तिला अधिकार मिळाला.

२४/
शाश्वत बांधकाम या शब्दाचा याहून चोख दाखला सापडणे कठीण. जुना दगड फेकला गेला नाही. घर पाडून नवे उभारण्याचा खर्च आणि सिमेंट दोन्ही वाचले. वस्ती जागची हलली नाही, शेजार मोडला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुरुस्तीचे ज्ञान गावातच राहिले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या अनुभवी स्त्रिया तेथील स्त्रियांना भेटायला गेल्या. भाषा निराळी होती, ढिगारा ओळखीचा होता. खासगीतून दरवर्षी काशीला रक्कम जात असे, येथून कच्छला जाणतेपण गेले.

२५/
म्हणून अहिल्याबाई आणि किल्लारीच्या संवाद साहाय्यिका यांना एका धाग्यात गुंफणे अप्रस्तुत नाही. एकीकडे राजघराण्याची सत्ता, दुसरीकडे महिला मंडळाची सतरंजी. परंतु दोन्हीकडे नियम एकच दिसतो : पैसा कशावर खर्चावा यात स्त्रीचा शब्द चालला, की वास्तूच्या राखणीचा विचार पहिल्या दिवसापासून होतो. स्त्रिया स्वभावतःच मायाळू असतात म्हणून असे घडते, हे म्हणणे सोपे आहे आणि अपुरे आहे. घरात पाणी भरणे, गळके छप्पर सांभाळणे, भिंत लिंपणे ही कामे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना मोडतोडीची किंमत ठाऊक असते. ती माया नाही, अनुभवातून आलेले ज्ञान आहे.

२६/
आजचे चित्र काय आहे? शिखरावर वाट उघडली आहे. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि ही पदवी मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत्या. त्यांनी पुढे पूलबांधणीत मोठे नाव कमावले. आज वास्तुरचनेच्या महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने दिसतात. पायथ्याशीही स्त्रिया आहेतच. कोणत्याही बांधकामावर पाटीतून वाळू आणि विटा वाहणारी बाई दिसते. रिकामी आहे ती मधली पायरी. बाई वर्षानुवर्षे बिगारी राहते, गवंडी क्वचितच होते. ओळंबा आणि थापी तिच्या हाती येत नाही, म्हणून गवंड्याची मजुरीही येत नाही.

२७/
बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यात, पन्नासाहून अधिक स्त्रिया काम करत असतील तेथे मुलांसाठी पाळणाघर असावे, अशी तरतूद होती. कागदावर ही तरतूद आल्याला पाव शतक उलटून गेले, तरी वाळूच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत झोपलेले मूल अजूनही परिचित दृश्य आहे. सनद लिहिणे आणि सनद चालवणे यांतले अंतर अठराव्या शतकात होते, तसेच आजही आहे. महिला दिनी राण्यांच्या वास्तूंची छायाचित्रे झळकतात, आणि त्याच दिवशी शेजारच्या इमारतीवर कोणी तरी पाटी उचलत असते. गौरव खरा करायचा असेल तर त्या बाईला ओळंबा धरायला शिकवावे लागेल, आणि शिकल्यावर गवंड्याचा दर द्यावा लागेल.

२८/
महाराष्ट्रात शेकडो बारवा आहेत. गेल्या काही वर्षांत तरुण मंडळी त्यांच्या नोंदी करत आहेत, गाळ काढत आहेत, झुडपे तोडत आहेत. हे काम मोलाचे आहे. इतिहासप्रेमींनी पुढच्या बारवेपाशी उतरताना, शिलालेख वाचून झाल्यावर, चार प्रश्न आणखी विचारावेत. हिचा पैसा कोणाच्या नावावरचा होता? माती कोणी वाहिली? पाणी कोणाला नाकारले गेले? आणि येत्या पावसाळ्यानंतर हिचा गाळ कोण काढणार आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे दप्तरखान्यात आणि गावातल्या वृद्धांच्या आठवणींत शोधावी लागतील. चौथ्याचे उत्तर मात्र बारवेच्या पायरीवर उभ्या असलेल्यांनाच द्यावे लागेल.